साधा भात आणि काकडीच्या चार चकत्या

सुट्टीच्या पहिल्याच रात्री मी लेकीचं जेवण बिघडवलं. तेच आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

आम्ही चौघं होतो, मी, बायको, आमची पावणेसहा वर्षांची लेक आणि माझी आई. सात दिवसांची सुट्टी, आणि हॉटेलमध्ये सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण दोन्ही बुफे. बुकिंग करतानाच मला हायसं वाटलं होतं, म्हटलं एवढे पदार्थ असतील तर त्यातले चार तरी तिला आवडतीलच ना. आणि पहिल्या रात्री खरंच लांबच लांब टेबल, झाकणवाली भांडी ओळीने मांडलेली, सलाड वेगळं, सूप वेगळं, गोडाचं तर एक आख्खं टोक. लेक माझा हात धरून ते सगळं फिरली आणि टेबलावर परत आलो तेव्हा तिच्या प्लेटमध्ये होता साधा पांढरा भात आणि काकडीच्या चार चकत्या. बस.

भात मधोमध, चकत्या कडेला, एकीचा दुसरीला धक्का लागत नाही अशा ठेवलेल्या, आणि भात आणि काकडीच्या मध्ये बोटभर मोकळी जागा. ती जागा तिने मुद्दाम ठेवली होती हे मला आता कळतं, तेव्हा फक्त एवढंच दिसलं की समोर पन्नास पदार्थ असताना ही पोरगी नुसता भात खातेय. मी माझ्या प्लेटमधली चमचाभर ग्रेव्ही उचलली आणि तिच्या भातावर घातली, म्हटलं, "एवढं खाऊन तर बघ, मस्त आहे."

तिने चमचा खाली ठेवला. रडली नाही, ओरडली नाही. लाल ग्रेव्ही भातात हळूहळू पसरत होती तिकडे नुसती बघत बसली, आणि एक ओघळ जाऊन एका काकडीला लागला तेव्हा तिने प्लेट दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवली. मग आईने एक घास चिऊचा एक घास काऊचा करून बघितलं, बायकोने उठून नवा भात आणला, पण तोंड बंद झालं ते झालंच. रात्री खोलीत आल्यावर बिस्किटं खाल्ली तिने, आणि झोपता झोपता म्हणाली, "बाबा, माझा भात चांगला होता."

मला त्या रात्री झोप लागली नाही नीट.

आमच्या घरात, नातेवाइकांत, सगळीकडे तिच्या खाण्याला एकच शब्द आहे, नखरे. "किती नखरे करते ही!" मीही म्हणत आलोय. पण नखरा म्हणजे कसं, दुसऱ्याला दाखवायला केलेलं काहीतरी, लाडात येऊन केलेलं. आणि त्या रात्री ग्रेव्हीकडे बघताना तिचा चेहरा मी बघितला होता, त्यात लाड नव्हते, तिला खरंच नको होतं ते. अनोळखी पदार्थाची ही जी धास्ती असते ना तिला इंग्रजीत फूड निओफोबिया म्हणतात आणि साधारण 2 ते 6 वर्षांच्या वयात ती सगळ्यात जास्त असते, म्हणजे मूल चालायला लागतं, हाताला येईल ते तोंडात घालू शकतं, त्याच वयात जोर धरते, आणि तसा विचार केला तर ते किती शहाणपणाचं आहे बघा. ब्रिटनमध्ये 8 ते 11 वर्षांच्या जुळ्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, 2007 साली प्रसिद्ध झाला, त्यात असं निघालं की मुलामुलांमध्ये या धास्तीचा जो फरक दिसतो त्यातला जवळपास 78 टक्के वाटा जन्मजात आहे. 78 टक्के! म्हणजे "तुम्ही लाडावून ठेवलंय" हे आम्ही जे इतकी वर्षं ऐकत आलो आणि बायको तर मनाला लावून घेत आली, त्यात तथ्य फार थोडं. हे मी तिला रात्री दोन वाजता फोनवर वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, नुसता माझा हात धरला.

आणि त्याच रात्री क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंचं काम वाचलं, ते मला अजून डोक्यातून जात नाही. अमेरिकेत 1920 आणि 30 च्या दशकात त्यांनी नुकतंच अंगावरचं दूध सुटलेली बाळं, एकूण 15, काही महिन्यांपासून ते काही वर्षांपर्यंत अशी वाढवली की काय खायचं ते बाळानेच ठरवायचं. एकूण 34 पदार्थ होते, ते सगळे एकदम समोर नसायचे पण प्रत्येक वेळी बरेच असायचे, आणि प्रत्येक पदार्थ वेगळ्या वाटीत, एकात एक काही मिसळलेलं नाही, मीठसुद्धा वेगळं. नर्सने चमचा हातात घेऊन शेजारी नुसतं बसायचं. बाळाने हात दाखवला तरच भरवायचं, "हे खा" म्हणायचं नाही, आग्रह नाही, कौतुक नाही, नाक मुरडलं तर रागावणंही नाही. त्या मुलांनी एकेका वेळी वाटेल ते विचित्र खाल्लं, कधी नुसतीच अंडी, कधी नुसतीच केळी, पण सगळे दिवस मिळून बघितलं तर ती छान वाढली. एका बाळाला आधीपासून मुडदूस होता, त्याच्यासाठी कॉड माशाच्या तेलाची वाटीही ठेवली होती, ते बाळ बरं होईपर्यंत आपणहून ते तेल घेत राहिलं आणि मग सोडलं.

वाचता वाचता मला जाणवलं की अरे, हा तर बुफेच आहे! वेगवेगळी भांडी, मूल बघतंय, आणि मोठं माणूस चमचा घेऊन गप्प बसलंय. आमच्याकडे सगळं होतं, फक्त ते गप्प बसणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला आणि बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की आता उरलेले सहा दिवस तिच्या प्लेटबद्दल कोणी एक अक्षर बोलायचं नाही. चांगलं पण नाही. आईला हे फार जड गेलं आणि मी तिला दोष देत नाही, तिच्या पिढीने पोरांना चारी ठाव जेवू घालणं म्हणजेच माया असं मानलं आणि त्या मायेवरच मी वाढलो. ती म्हणाली, "अरे पण उपाशी राहील ती." मी म्हटलं, "आई, काल आपण तिघांनी मिळून सांगितलं तेव्हाच उपाशी राहिली ना." तेव्हा ती गप्प झाली. एलिन सॅटर म्हणून एक आहारतज्ज्ञ आहेत, त्यांनी जबाबदारीची वाटणी अशी करून दिलीये की काय वाढायचं, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी बघायचं, आणि त्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलाने. घरी हे पाळणं मला कधी जमलं नव्हतं कारण घरी मी किंवा बायकोने राबून केलेलं असतं, आणि ते नको म्हटलं की जिव्हारी लागतं. बुफेचं मोठं सुख हे की तिथे ते कोणीच तुमच्यासाठी म्हणून केलेलं नसतं. नको म्हटलं तर कोणाचं मन मोडत नाही. हे आमच्या लेकीला आमच्याआधी कळलं होतं बहुतेक.

आता फेरीबद्दल. ही आमच्या सुट्टीतली सगळ्यात चांगली गोष्ट ठरली, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही ठरवलं की आधी प्लेट न घेता, रिकाम्या हाताने एक फेरी मारायची, नुसतं बघायचं. आणि पहिल्याच फेरीत मी तिच्याशेजारी गुडघ्यावर बसलो तेव्हा मला कळलं की तिला तिथून काय दिसतं. काहीच दिसत नाही! काउंटरची कड तिच्या हनुवटीला, वर ती स्टीलची भांडी, त्यांची झाकणं, आणि अन्नावर कोणाची शिंक उडू नये म्हणून तिरकी लावलेली ती काच. ही काच अमेरिकेत 1959 च्या सुमारास पेटंट झाली आणि ती मोठ्या माणसाच्या नाकाच्या अंदाजाने लावलेली असते, लहान मुलाचं तोंड बरोबर तिच्या खाली येतं. म्हणजे आदल्या रात्री मी "पन्नास पदार्थ" म्हणत होतो त्यातले तिला दिसले किती, तर भाताचं भांडं, कारण ते टोकाला होतं आणि उघडं होतं, आणि सलाड, कारण ते टेबल बुटकं होतं. तिने जे दिसलं आणि ओळखीचं वाटलं ते घेतलं. मी तिच्या जागी असतो तर वेगळं काय केलं असतं?

मग मी तिला कडेवर घेतलं, आणि प्रत्येक झाकण मी उघडायचं, आधी आमच्यापासून लांबच्या बाजूने म्हणजे वाफ तिकडे जाईल (हे फार महत्त्वाचं आहे, ती वाफ चांगलीच भाजते), आणि तिने वाकून बघायचं. तिथल्या एका वेटरदादांनी हे बघितलं आणि पुढच्या दिवसापासून ते स्वतःच येऊन तिच्यासाठी झाकणं उघडायला लागले आणि आत काय आहे ते तिला सांगायला लागले, अगदी मोठ्या माणसाला सांगावं तसं, "यात बटाटा आहे, वरून चीज आहे, तिखट नाही." मला सांगायचे नाहीत, तिला सांगायचे! ती मान हलवायची आणि पुढे. त्या माणसाचे मी किती आभार मानू.

कुठेतरी वाचलं होतं की जपानमध्ये बुफेला "वायकिंग" म्हणतात, कारण 1958 साली टोकियोच्या इम्पिरियल हॉटेलने उत्तर युरोपातल्या पद्धतीचं असं मांडून ठेवलेलं जेवण सुरू केलं आणि त्याला नाव दिलं इम्पिरियल वायकिंग, मग तोच शब्द सगळीकडे रुळला. हे लेकीला सांगितलं, वायकिंग म्हणजे जहाजातून लांब लांब जाणारे लोक हेही सांगितलं, तर तेव्हापासून आमची फेरी म्हणजे जहाज झालं आणि ती कडेवरून "पुढे! थांबा! हे उघडा!" अशा ऑर्डरी सोडायला लागली. खाण्याच्या जागी गेल्यावर आमची लेक खुश आहे हे दृश्य मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

फेरी झाली की मग प्लेट. प्लेट तिची तिने धरायची, छोटी घ्यायची, आणि चिमटाही तिच्या हातात. त्या चिमट्यांवर आमचा पूर्ण एक दिवस गेला असेल, कारण ते मोठ्यांच्या हाताच्या मापाचे आणि घट्ट असतात, तिला दोन्ही हातांनी दाबावे लागायचे आणि काकडी बरोबर तोंडाशी येऊन निसटायची. मी फक्त प्लेट धरायचो. पण एकदा जमल्यावर ती वाटाणेसुद्धा चिमट्याने उचलायला लागली, तिथे डाव ठेवलेला असूनही, एकेक वाटाणा, मागे लोक थांबलेले. म्हणून आम्ही वेळ बदलली, उघडायच्या वेळेलाच जायचो. तेव्हा गर्दी नसते, आवाज नसतो, पदार्थ ताजे असतात आणि भांड्यांचे वास एकमेकांत मिसळलेले नसतात, जे अशा मुलांना फार जाणवतं.

चिमट्याबरोबर दोन नियम शिकवले आणि ते मात्र पक्के ठेवले. एकदा प्लेटमध्ये घेतलं की परत भांड्यात टाकायचं नाही, आणि ज्या भांड्याचा चिमटा त्यातच ठेवायचा. दुसऱ्या नियमाचं कारण तिला खरं खरं सांगितलं, की काही मुलांना शेंगदाण्याने किंवा दुधाने त्रास होतो आणि चिमटा इकडचा तिकडे गेला तर त्यांना कळणारही नाही की लागलं कसं. युरोपियन युनियनमध्ये तर 2014 च्या डिसेंबरपासून असे 14 घटक पदार्थात असले तर हॉटेलांना ते सांगावंच लागतं. पण पाटीवर कितीही लिहा, चिमटे अदलाबदल झाले की पाटीचा उपयोग संपला. तुमच्याच मुलाला अ‍ॅलर्जी असेल तर काउंटरवरून घेऊच नका, स्टाफला सांगून आतून वेगळं मागून घ्या, बहुतेक ठिकाणी देतात. आणि तिसरं आमच्यासाठी, दुसऱ्यांदा वाढून घ्यायला जाताना नवी प्लेट घ्यायची, आणि गरम भांडं गरम नसेल तर ते मुलाला द्यायचं नाही. गरम पदार्थ साधारण 60 अंशांच्या वर आणि थंड 5 अंशांच्या खाली ठेवायचे असतात, मधलं कोमट म्हणजे जंतूंचं राज्य, त्यामुळे झाकण उघडल्यावर वाफ आली नाही की आमचं जहाज पुढे.

गोडाचं काय, हा प्रश्न आला असेल तुमच्या मनात. माझ्याही होता. क्लारा डेव्हिस यांच्या त्या 34 पदार्थांमध्ये साखर नव्हतीच, सगळं साधं अन्न होतं, त्यामुळे "मुलं आपोआप योग्य तेच निवडतात" असा त्याचा अर्थ काढणं मला चुकीचं वाटतं. बुफेत गोडाचं टेबल असतंच आणि बरेचदा मुलांच्या बरोबर नजरेसमोर. एकदम बंदी घातली तर काय होतं तेही माहीत आहे, 1999 मध्ये फिशर आणि बर्च या संशोधकांनी दाखवलं होतं की एखादा खाऊ डोळ्यासमोर ठेवून मना केला की मुलं त्याच्याबद्दलच बोलतात आणि मिळाल्यावर तोच आधी उचलतात. आणि "भाजी खाल्लीस तर केक" असं केलं की भाजी म्हणजे शिक्षा आणि केक म्हणजे बक्षीस हे आपणच शिकवतो. आम्ही असं ठरवलं की गोड एकच, कुठलं ते तिने ठरवायचं, आणि ते जेवणाबरोबरच प्लेटमध्ये घ्यायचं, शेवटी नाही. पहिले दोन दिवस तिने आधी केकच संपवला. तिसऱ्या दिवशी केकचे दोन घास, मग भात, मग परत केक. चौथ्या दिवशी जेलीचा एक तुकडा प्लेटमध्ये तसाच राहिला, ती विसरली त्याला. मी काही बोललो नाही, पण बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला.

खरा त्रास झाला तो शेजारच्या टेबलांचा. अनोळखी माणसं येऊन सांगतात हो! "एवढं सगळं आहे आणि ही नुसता भात खातेय? पैसे वसूल नाही झाले तुमचे." एकदा एक बाई फार प्रेमाने तिच्या प्लेटमध्ये स्वतःच्या हाताने काहीतरी तळलेलं ठेवून गेल्या. मी लगेच ते माझ्या प्लेटमध्ये घेतलं, लेकीकडे न बघता, आणि तिने खाणं चालू ठेवलं, तेव्हा मला कळलं की मी कुठल्या बाजूला आहे हे तिला आता माहीत झालंय. पैसे वसूलवर मात्र मला बोलायचंय. आपण मोठी माणसं बुफेत जास्त खातो त्याचं कारण भूक नसते, एकाच चवीचा कंटाळा येतो आणि दुसरी चव आली की पुन्हा खावंसं वाटतं. 1981 मध्ये बार्बरा रोल्स या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की चार वेगवेगळ्या सारणांचे सँडविच दिले तर लोक एकाच सारणाच्या मानाने तिसऱ्या हिश्श्याने जास्त खातात. म्हणजे मी रोज रात्री जड पोटाने खोलीत जात होतो आणि लेक भूक संपली की थांबत होती, आणि काळजी मात्र तिची केली जात होती. मुलाचं वसूल झालं का हा हिशोबच काढून टाका डोक्यातून, त्या हिशोबानेच पहिल्या रात्री माझ्या हातात तो ग्रेव्हीचा चमचा आला होता.

आग्रहाबद्दलही एक अभ्यास आहे, 2006 चा, लहान मुलांना सूप देऊन. एका वेळी सारखं "सूप संपव" म्हणायचे आणि दुसऱ्या वेळी काही म्हणायचे नाहीत. काही म्हटलं नाही तेव्हा मुलांनी जास्त खाल्लं आणि कुरकुरही खूप कमी केली. मोठ्यांचंही तेच नाही का? तिसऱ्या की चौथ्या रात्री लेकीने माझ्या प्लेटकडे बोट दाखवून विचारलं, "बाबा, तू ढोबळी मिरची बाजूला का काढून ठेवलीस?" मी म्हटलं, "मला नाही आवडत." ती म्हणाली, "बरं." आणि जेवायला लागली. तेवढंच. चाळीस वर्षांचा झालो, ढोबळी मिरची खात नाही, आणि आजपर्यंत कोणी माझ्या भातावर ती आणून टाकलेली नाही.

आता अंड्याची गोष्ट.

सकाळच्या बुफेत एक टोपली असायची, उकडलेल्या अंड्यांची, कवचासकट, वर कापड झाकलेलं. रोज तीच टोपली, त्याच जागी. घरी अंडं बघूनच ती खोलीतून जायची, वासामुळे. आम्ही टेबलाच्या मधोमध एक बशी ठेवायला लागलो होतो, त्यात आम्ही मोठे काहीतरी थोडंसं आणून ठेवायचो, ती कोणाचीच प्लेट नाही, कोणीही त्यातलं घ्यावं, बघावं, हुंगावं, नाही आवडलं तर कागदी रुमालात काढून टाकावं, त्यात काही वाईट नाही. मघाशी सांगितलेल्या बर्च, म्हणजे लीन बर्च, यांच्या कामावरून असं दिसतं की नवा पदार्थ आवडायला मुलांना 8 ते 15 वेळाही लागू शकतात, आणि नुसतं बघून दिसण्याची सवय होते पण चवीची सवय मात्र जिभेला लावूनच होते. घरी एकच गोष्ट पंधरा वेळा कोण करतं? दोनदा नको म्हटलं की आपण सोडून देतो. बुफेत मात्र ती टोपली रोज सकाळी आपोआप समोर येते, तुम्हाला काही करावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कापड उचलून आत बघितलं आणि म्हणाली, "गरम आहेत." तिसऱ्या दिवशी एक हातात घेतलं, टेबलापर्यंत आणलं आणि बशीत ठेवलं. चौथ्या दिवशी आजीला म्हणाली, "आजी, हे फोडू?" आणि आजी, जी चार दिवस ओठ घट्ट मिटून बसली होती, ती फक्त "फोड" म्हणाली. लेकीने ते टेबलावर आपटलं, हळू, मग जरा जोरात, कवचाला बारीक भेग गेली आणि ती नखाने एकेक तुकडा काढायला लागली. कवचाच्या आतलं ते पातळ पांढरं पापुद्र्यासारखं असतं ना, ते तिला सापडलं. ते ओढून काढायचं, बोटावर ताणायचं, उजेडात धरून बघायचं, वीस मिनिटं चाललं होतं ते. अंडं सोललं गेलं, गुळगुळीत, खाली थोडं चपटं. तिने गालाला लावून बघितलं. मग बशीत ठेवलं आणि हात पुसून कलिंगड खायला गेली. अंडं मी खाल्लं. पाचव्या दिवशी सोलून झाल्यावर जिभेचं टोक लावलं, चेहरा काही बदलला नाही, म्हणाली, "याला चवच नाही." मला वाटलं संपलं. पण तिच्यासाठी चव नसणं ही चांगली गोष्ट आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, भात आणि काकडीवर वाढलेलं मूल ते.

हे सगळं असं व्यवस्थित झालं असं समजू नका, मधे एका रात्री तिने फक्त ब्रेड खाल्ला, कोरडा, दोन स्लाइस, आणि ज्या रात्री बाहेर फिरून दमून उशिरा आलो त्या रात्री काहीच नाही. मी फिरायला जाताना बॅगेत तिच्या ओळखीचं काहीतरी ठेवायचोच, कारण ते आहे हे माहीत असलं की तिचीही धास्ती कमी होते आणि आपलीही. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, ज्या मुलाचं वजन कमी होतंय, वाढ थांबलीये, जे रोज घशात अडकल्यासारखं करतं, ओकारी काढतं, किंवा खाल्ले जाणारे पदार्थ महिन्यामहिन्याला कमी कमी होत चाललेत, ते प्रकरण वेगळं आहे. त्याला 2013 पासून आरफिड (म्हणजे खाणं टाळण्याचा किंवा फार मोजकंच खाण्याचा विकार) असं स्वतंत्र निदानही आहे, आणि तिथे बुफे आणि बशी पुरणार नाही, डॉक्टरांना दाखवाच. आम्ही आमच्या डॉक्टरांना दाखवलं होतं, लेकीची वाढ ठीक आहे, म्हणून मी हे इतकं निवांत लिहू शकतोय.

शेवटच्या दिवशी सकाळी निघायची घाई होती, बॅगा खाली आणलेल्या, गाडी बोलावलेली. लेक टोपलीपाशी गेली आणि एक अंडं घेऊन आली, बशीत न ठेवता स्वतःच्या प्लेटमध्ये ठेवलं. सोललं. बायकोकडून सुरी मागितली, मधोमध कापलं, आणि चमच्याच्या टोकाने पिवळा बलक दोन्ही अर्ध्यांतून अलगद बाहेर काढला, पांढऱ्याला कुठे चिकटून राहिलाय का ते बघितलं, जिथे होता तिथे खरवडला. मग पांढऱ्याची एक वाटी उचलून तोंडात घातली. आम्ही तिघंही आपापल्या प्लेटकडे बघत बसलो होतो. ती चावत होती, बराच वेळ, आणि चावता चावताच बलक चमच्याने उचलून माझ्या प्लेटमध्ये आणून ठेवायला लागली. मधेच थांबली.

"बाबा, तुला चालेल का?"

मी म्हटलं, "चालेल," आणि तिने तो माझ्या ब्रेडला लागणार नाही असा, बोटभर जागा सोडून, कडेला ठेवला.